उजाडेपर्यंतचं नाटक

शिडी लागली. राजदीपनं ती बोर्डाला टेकवली, दोनदा हलवून पाहिली आणि हात झटकत ऑफिसात आला.

“दिवस बुडेपर्यंत टाइम हाय,” तो म्हणाला. “शब्द बाबानं सोताच देल्ला. मी कायी जबरदस्ती नाई केली.”

शब्द दिला होता हे खरं. काल भाऊबीजेच्या जेवणावर, भरल्या ताटावरून अर्धवट उठत वामनराव गरजले होते, “उद्या सूर्य मावळण्याआधी कोसमघाटची सुपारी आली नाही, तर ‘पळसफूल’चा बोर्ड उतरव, आणि आपली सगळी मंडळी घेऊन जा तुझ्या त्या सोनेरीवाल्याकडे!” वामनराव रागावले की शुद्ध बोलायचे. जन्मभर स्टेजवर राजे आणि जमीनदार केल्याचा तो परिणाम. स्टेजवर असते तर टाळ्या पडल्या असत्या. घरात त्यांची बायको बायनाबाई तेवढं म्हणाल्या, “ताट तं संपवा.”

‘पळसफूल’ ही रामटेक्यांच्या घरची नाटक कंपनी. वामनरावांचे वडील डोमाजी गावोगाव दंडार घेऊन फिरायचे, रात्रभर गायचे, नाचायचे, आणि त्या दंडारीतूनच पुढं ही कंपनी उभी राहिली. वडशाच्या मेन रोडवर अशा कंपन्यांची ऑफिसं ओळीनं आहेत. दिवाळी सरली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलंच. मंडळवाले वडशाला येतात, नाटक पसंत करतात, टेबलावर सुपारी ठेवून खेळ पक्का करतात. त्या सगळ्या पट्ट्यात कोसमघाटची मंडई पहिली. तिथं जी कंपनी उभी राहिली तिलाच बाकीची गावं बोलावणार, असा रिवाज पडून गेलेला. यंदा अजून एकाही गावानं ‘पळसफूल’ला सुपारी दिली नव्हती. कोसमघाट गेलं तर सीझन गेला, आणि सीझन गेला तर कंपनी गेली.

ती गेल्यावर कोणाचं काय होणार हे राजदीपच्या बहिणीला, दिव्याला, पाठ होतं. राजदीपदादा हिरो, त्याला सोनेरी कंपनी डोक्यावर घेईल. पिंकीवहिनी हिरोईन, तिलाही घेईल. बाबांना शाल-श्रीफळ देऊन पहिल्या खुर्चीवर बसवतील आणि बोलू देणार नाहीत. आणि दिव्या? दिव्या ‘पळसफूल’ची प्रॉम्प्टर. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवायची. सोनेरीकडे खड्डाही होता आणि खड्ड्यातला माणूसही होता. दिव्याला परत नागपूरच्या कॉल सेंटरात जावं लागणार होतं. तिथं तिनं काही दिवस पाणी शुद्ध करायच्या मशिनी विकल्या होत्या. पलीकडचा माणूस “आमच्या नळाले पाणीच येत नाई” म्हणाला, तरी समोरच्या पडद्यावरून “सर, आमच्या मशीनचे फायदे ऐका” हेच वाचायचं.

दुपार कलली. चहा उतू जात होता तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

“कोसमघाट!” पिंकी ओरडली. “मंडळाच्या हरिदासभाऊचा हाय!”

राजदीपनं हात घातला, पण वामनराव त्याच्या आधी पोचले. स्पीकर लावला, घसा साफ केला.

“नमस्कार, नमस्कार! बोला हरिदासभाऊ!”

“नमस्कार भाऊ. म्या म्हटलं, मंडईच्या नाटकाचं पाहाव. पर आमची जराशी अडचण...” हरिदास मधेच थांबला.

थांबला तो थांबलाच. वामनरावांसमोर शांतता पडली की ती त्यांना सहनच होत नसे. “अडचण कायची जी! यंदाचं नाटक असं हाय का पाहातच राहान! पडदा उघडते. समोर पाटलाचा वाडा...” झालं. पहिला अंक सुरू. दुसऱ्या अंकात कोर्ट लागलं तेव्हा वामनराव जजही झाले, आरोपीही झाले आणि हातकडी घातलेला हात त्यांनी चहाच्या कपात बुडवला.

“हो जी, पर...” पलीकडून हरिदास.

“थांबा, खरी गंमत तं पुढं हाय!”

राजदीपला राहवेना. त्यानं फोन ओढून घेतला. “भाऊ, रेटचं टेन्शन घेऊ नोका. कमी करू. नागपूरची डान्सर आणू.”

“रेटचं नाई जी, ते...”

“आणखी कमी करू!”

मग हरिदास म्हणाला, “बरं. घरी विचारून सांगतो.” आणि फोन बंद.

घरी विचारून सांगतो. मेन रोडवरच्या शेंबड्या पोरालाही या वाक्याचा अर्थ ठाऊक होता.

“घ्या!” राजदीप उसळला. “दोन अंक ऐकवले त्याले! फुकटात!”

“आणि तू? तू माझ्या नाटकाला भाजीबाजारात बसवलंस!” वामनराव शुद्ध बोलू लागले होते.

“बस झालं आता,” बायनाबाईंनी अनारशांचं ताट टेबलावर आदळलं. “राजदीप म्हणते तेच बराबर हाय. साऱ्या जन्मभर कंपनीच्या लोकायसाठी भात रांधला मी. उतरवा तो बोर्ड.”

माय राजदीपच्या बाजूनं गेली. पिंकी तर नवऱ्याच्या बाजूनंच असणार. ती खिडकीशी उभी राहून शिडीकडे पाहत होती. बाबा एकटे पडले होते, आणि चूक बाबांचीही होतीच.

“तो अडचण म्हणाला,” दिव्या बोलली. “कोणती अडचण?”

“रेटची,” राजदीप.

“नाटकाच्या विषयाची,” वामनराव.

“साउंडची असन,” पिंकी. “मागच्या टायमाले कोणाचा तरी माइक शिट्या मारत होता म्हणे.”

“पोटाची असन,” बायनाबाई म्हणाल्या. “दिवाळीचं खाऊन.”

“म्हणजे कोणालेच मालूम नाई!” दिव्याला हसूही आलं आणि संतापही आला. “तो मागच्या हप्त्यात इथी येऊन गेला, तवाबी अडचण म्हणाला. आज पुन्हा म्हणाला. अन् आपण कोणीच विचारलं नाई.”

का विचारलं नाही, हे तिच्या लख्खकन ध्यानात आलं. आपलं घर नाटकवाल्यांचं. स्टेजवर कोणी गप्प झाला की समजायचं, वाक्य विसरला. मग बाजूचा नट धावून जातो आणि स्वतःचं काहीतरी ठोकून देतो, कारण पब्लिकसमोर रिकामा क्षण म्हणजे पाप. फोनवरही घरातले सगळे तेच करत होते. समोरचा थांबला की याचं वाक्य सुटलं समजून आपलं घुसवायचे. पण खड्ड्यात बसणाऱ्याला ठाऊक असतं की थांबण्याचे दोन प्रकार आहेत. एक विसरलेला, आणि दुसरा ज्याचं खरं वाक्य आत्ता घशाशी आलेलं आहे. दुसऱ्याला चुकून वाक्य पुरवलं की सीन मेला. या एका गोष्टीसाठी दिव्यानं बाबांच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या!

“मले द्या फोन,” ती म्हणाली. “मी लावतो.”

“खड्ड्यातल्या माणसानं रसिकांशी बोलायचं?” वामनराव.

“रसिकाले बोलू देईन म्हणते ना ती,” बायनाबाई म्हणाल्या. बोर्ड उतरवा म्हणणाऱ्या त्याच. “दोघं तं बोलून पाह्यले. आता हिले पाहू द्या.”

“पर कोणी आवाज कराचा नाई,” दिव्यानं बजावलं. “खोकलाचं बी नाई.”

फोन घेऊन ती खुर्चीवर बसली, मग उठली, आणि टेबल आणि कपाट यांच्या मधल्या फटीत खाली फरशीवर बसली. तिथं बसल्यावर तिला बरं वाटलं. खड्ड्याची सवय. तिनं नंबर लावला, स्पीकर केला.

“हां, बोला,” हरिदासचा आवाज आता सावध होता.

“भाऊ, मी दिव्या. वामनरावायची पोरगी. नाटक विकाले नाई केला फोन. मघा तुमी अडचण म्हणत होते अन् आमच्या लोकायनं तुमाले बोलूच नाई देल्लं. कोणती अडचण जी?”

पलीकडे शांतता. वामनरावांचं तोंड उघडलं. बायनाबाईंनी ताटातला अनारसा उचलला आणि त्या उघड्या तोंडात घातला.

“तसं कायी नाई,” हरिदास म्हणाला. “रेट जराशे जास्त वाटतात.”

राजदीपनं टुणकन उडी मारली. बोटांनी खुणा, कमी कर, आणखी कमी कर. दिव्यानं मान फिरवली. रंगमंचावर पहिला येतो तो सूत्रधार, राजा नंतर येतो. पहिलं कारण हे बहुधा सूत्रधारच असतं.

“रेटचं बोलू ना. त्याच्या आंधी सांगा, मागच्या साली मंडईचं नाटक कसं झालं?”

“मस्त झालं. पब्लिक मस्त होती.”

“शेवटपर्यंत?”

पुन्हा शांतता. दिव्यानं ओठ घट्ट मिटले. पंखा कुरकुरत होता. पिंकीनं पदर तोंडात कोंबला होता. राजदीप तर श्वास घेत होता की नाही देव जाणे.

“शेवटी कोण होतं जी,” हरिदास हळूच म्हणाला. “आमी मंडळवाले अन् गावचे कुत्रे.”

पिंकीच्या पदराआडून फुस्सकन हसू निघालं. दिव्यानं डोळे वटारले.

“लोक उठून गेले म्हणता. कवा उठले?”

“दुसरा अंक झाला का बायका उठल्या. बायका उठल्या का लेकरं उठले, लेकरं उठले का माणसंबी उठले.”

“गावातल्या बायका का बाहेरच्या?”

“बाहेरच्या. नाल्यापलीकडच्या टोल्यायवरच्या, लहान वस्त्यायवरच्या. आमची अर्धी पब्लिक तेथलीच राह्यते.”

“नाटक आवडलं नाई का त्यायले?”

“आवडलं नाई कसं! रडत होत्या ना बायका. रडता रडता उठल्या.”

रडता रडता उठल्या. आवडलेलं नाटक सोडून बाई उठते, म्हणजे तिला उठवणारं काहीतरी नाटकाहून मोठं असणार. “मंग काऊन उठल्या जी?” तिनं विचारलं आणि गप्प बसली.

या वेळची शांतता लांबली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. राजदीपनं कपाळावर हात मारून घेतला, फोन कटला अशी खूण केली. दिव्यानं मान हलवली. नाही कटला. हा विसरलेला माणूस नाही, याचं वाक्य येतंय.

“रस्त्यानं...” हरिदासचा आवाज एकदम बारीक झाला. “रस्त्यानं तो राह्यते ना.”

“तो?” दिव्या एवढंच म्हणाली.

“आता नाव कायले घ्याचं बाई, सांज व्हाले आली. पट्टेवाला.”

जंगलाकाठच्या गावांत वाघाचं नाव घेत नाहीत, हे इथं सगळ्यांना ठाऊक. नाव घेतलं की तो ऐकतो म्हणतात. म्हणून हा भला माणूस सारखा अडचण, अडचण म्हणत होता, आणि आपण त्याला डान्सर दाखवत होतो!

आता हरिदाससाठी थांबायची गरज नव्हती, वाक्य पुरवायचीही नव्हती. तो भडाभडा बोलू लागला. तीन सालाआधी नाटक सुटलं, पहाटेचा काळोख, टोल्याकडचे लोक निघाले, तर नाल्याच्या पुलावर हा मधोमध बसलेला. पुढचे मागं पळाले, मागचे पुढं. कोणी मेलं नाही, पण एका बाईचा हात मोडला. तेव्हापासून बायका अर्ध्या नाटकातूनच, धानाच्या जागलीला जाणाऱ्या पोरांबरोबर टेंभ्यांच्या उजेडात निघून जातात. “अन् यंदा तं येतच नाई म्हणतात.”

“त्या नाई आल्या तं काय होईन?”

“तं मंडई कायची माय? लेकीबाळी माहेरी येतात त्याच्यासाठी. आमच्या मंडळातले म्हणतात, नाटकच बंद करून टाकू. दुपारी ऑर्केस्ट्रा आणू.” त्याचा आवाज भरून आला. “माझ्या बापानं चालू केलं होतं जी ते नाटक.”

वामनरावांचे डोळे चमकले. अनारसा अजून तोंडात होता, पण ते चावत नव्हते.

“दुसऱ्या कोण्या कंपनीले सांगतलं का हे?”

“सोनेरीवाल्यायले सांगतलं. ते म्हणतात, बारा वाजता संपवून देतो.”

राजदीपनं चुटकी वाजवली. आपणही! आपण अकराला संपवू! दिव्याच्याही जिभेवर तेच आलं होतं. किती सोपं होतं, आत्ता हो म्हणायचं आणि सुपारी घ्यायची. तिनं ते वाक्य गिळलं.

“मंग चालन का तुमाले बारा वाजता?”

“मले चालन. पर सुकरीबाई नाई म्हणते.”

“कोण जी सुकरीबाई?”

“टोल्यावरच्या बचत गटाची अध्यक्ष. तिनं हो म्हटलं का सारे टोले येतात. ती इथीच बसून हाय, माझ्या बाजूले, चहा पिऊन राह्यली.”

“इथी म्हणजे?”

“वडशाले. स्टेशनापाशी.” हरिदास ओशाळला. “सोनेरीच्या ऑफिसासमोर.”

राजदीप मटकन खुर्चीत बसला. सुपारी त्या दाराशी जाऊन पोचली होती, उंबरा ओलांडायचाच बाकी होता.

“भाऊ, त्यायले द्याल का जरा फोन?”

खडखड झाली. मग एक खणखणीत आवाज आला. “जय सेवा.”

“जय सेवा बाई.”

“काय वो पोरी, तू बी बारा वाजताचंच सांगतं का?”

“मी कायीच नाई सांगत बाई. तुमी सांगा, बारा वाजता नाटक संपलं तं काय होईन?”

“काय होईन! भर रातच्या अंधारात हाकलून देईन हा हरिदास आमाले. याचं घर गावात हाय. रस्ता तं आमचा हाय ना!”

“मंग कवा संपलं म्हणजे बरं होईन?”

सुकरीबाई गप्प झाल्या. दिव्यानं डोळे मिटून घेतले. घाई नको, घाई नको, ती स्वतःला बजावत होती.

“उजाडल्यावर,” सुकरीबाई म्हणाल्या. “गाई सोडाच्या टायमाले. उजेड झाला का आमी आमच्या पायानं चाललो, टेंभा नोको अन् गडी नोको. माझ्या सासूच्या टायमाले तसंच तं राहे. आता तुमी लोक अंधारातच गाशा गुंडाळता.”

बारा नाही. अकरा नाही. उलट! सगळ्या कंपन्या नाटक कापायला निघाल्या होत्या आणि या बाईला ते वाढवून हवं होतं. दिव्याला वाटलं, उठून नाचावं.

“म्हणजे बाई, तुमाले नाटक छोटं नोको, लांब पायजे. पार उजाडेपर्यंत. मी बराबर समजली ना?”

“बराबर.”

“आणखी कायी?”

“लेकरं निजाले जागा पायजे. अन् आमाले झोप नाई आली पायजे. पहाटंच्या टायमाले गडी दमदार लागते बोलणारा. तुमचे आताचे पोट्टे दोन वाक्यात दमतात. हाय का तुमच्यापाशी असा कोणी, उजाडेपर्यंत बोलणारा?”

दिव्यानं फटीतून मान वर काढली. राजदीपनं पाहिलं, पिंकीनं पाहिलं, बायनाबाईंनी पाहिलं. सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर. गालात अनारसा धरून वामनराव उभे होते. गेले काही सीझन राजदीपनं त्यांची मोठी भाषणं कापायला लावली होती. पब्लिकला आता दम नाही म्हणून. भाषणाची जागा आली की दिव्या खड्ड्यात बसून पानं उलटायची, आणि बाबा वरून एकदा तिच्याकडे पाहायचे. त्या पाहण्यानं तिला दरवेळी रडू फुटायचं.

“हाय बाई,” दिव्या म्हणाली. “बोलणारा हाय. थांबवाचंच तेवढं आमाले जमत नाई.”

सुकरीबाई खो खो हसल्या. मागून हरिदासचा आवाज आला, “मंग उद्या सांगतो म्हणा त्यायले.”

उद्या! बाहेर शिडी उभी होती. “भाऊ, उद्या काऊन?” दिव्या घाईनं, पण हसून म्हणाली. “तुमी स्टेशनापाशी, आमी मेन रोडले. आताच येऊन पाहा. नाई पटलं तं सोनेरीचं ऑफिस कुठी पळून नाई जात.”

“येतो,” सुकरीबाई म्हणाल्या. हरिदासला कोणी विचारलं नाही.

फोन ठेवला आणि ऑफिसात एकच गलका झाला.

“उजाडेपर्यंत!” राजदीप ओरडला. “येडी झाली काय? लाइटवाला थांबन का? कलाकार थांबतीन का?”

“मी थांबीन,” पिंकी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. “पाह्यता काय? सोनेरीत मले दुसरी हिरोईन करणार हायेत. पहिलीचा फोटो लागला बी हाय त्यायच्या बोर्डावर. तुमाले सांगतलं नाई, तुमी हिरो व्हाच्या खुशीत होते म्हणून.” तिनं पदर कमरेला खोचला. “तिसरा अंक सुटला का मी आजोबांची दंडार धरीन. पहाटेचीच राहे ना ती?”

“पहाटेचीच,” वामनराव म्हणाले. अनारसा अखेर गिळला गेला होता.

“अन् पहाटंचा चहा माझ्याकडं,” बायनाबाई म्हणाल्या. “टोल्याच्या बायकायले बी देईन. भात नाई रांधणार, सांगून ठेवतो.”

राजदीप बायकोकडे पाहत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून सुकरीबाई उतरल्या. बुटक्या, काटक, हातात छत्री. ऊन समोरच्या पत्र्यांवरून सरकत चाललं होतं. त्यांनी आधी शिडीकडे पाहिलं, मग बोर्डाकडे.

“बोर्ड काढून राह्यले का?”

“नाई बाई,” राजदीप म्हणाला. “पुसून राह्यलो.” आणि हातात फडकं नव्हतं म्हणून गळ्यातला दुपट्टा घेऊन तो खरोखरच शिडीवर चढला आणि बोर्ड पुसू लागला.

सुकरीबाई आत आल्या, बसल्या, आणि वामनरावांना त्यांनी असं निरखलं की दिव्याला धडकी भरली.

“तुमीच ना ते?” त्या म्हणाल्या. “तुमचं नाटक आलं होतं आमच्याकडं, तो पुलावर बसला त्याच्या पुढल्या साली. तुमी त्याच्यात बहिणीले भाऊबीजेच्या दिवशी दारातून हाकलून देल्लं. तिच्या हातात आरतीचं ताट होतं. तेथून उठाव लागलं आमाले, स्टेजवरच्या उजेडातून तुमाले दिसलं बी नसन. तवापासून मले तुमचा राग हाय.”

हरिदास कसनुसा हसला. वामनरावांनी छाती भरून श्वास घेतला. दिव्याला तो श्वास ओळखीचा होता. त्यानंतर तिसरा अंक यायचा, सगळाच्या सगळा, भाऊ का चुकला, कसा रडला, बहिणीला आणायला कुठवर गेला. आणि एकदा शेवट ऐकला की या बाई पहाटेपर्यंत कशाला बसतील? तिनं टेबलाखालून तळहात वर केला. खड्ड्यातून करायची तशीच खूण. थांबा.

वामनरावांनी तो हात पाहिला. तोंड उघडं होतं, शब्द दातांपर्यंत आलेले होते. त्यांनी ते मिटलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा असेल, समोरच्याला विचारलं, “बाई, तुमाले काय वाटते? आणलं असन का त्यानं बहिणीले परत?”

आणि गप्प बसले.

सुकरीबाई विचारात पडल्या. छत्रीचा दांडा हातात फिरवत राहिल्या. पिंकी दाराशी, राजदीप शिडीवर, बायनाबाई चहाचा कप हातात धरून. कोणी वाक्य पुरवलं नाही.

“आणलं असन,” त्या सावकाश म्हणाल्या. “एवढा मोठ्यानं बोलणारा माणूस आतून नरम राह्यते. माझा भाऊ बी तसाच होता.” मग एकदम पुढं वाकल्या. “आणलं का हो?”

“यंदा तेच नाटक आणू. उजाडता उजाडता समजन, बाई.”

सुकरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, हरिदासकडे पाहिलं, आणि पदराची गाठ सोडून सुपारी टेबलावर ठेवली. “चाल गा हरिदास,” त्या उठत म्हणाल्या. “अंधाराच्या आंधी पोचलं पायजे.”

मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा समोरच्या पत्र्यावर उन्हाची एक पट्टी उरली होती. राजदीप शिडीवरून उतरला. दुपट्टा काळाकुट्ट झाला होता. तो दिव्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणाला, “मी तं अकरा वाजता संपवून देल्लं असतं,” आणि तिच्या डोक्यावर टपली मारून त्यानं शिडी खांद्यावर घेतली.

वामनराव सुपारीकडे पाहत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता, घशाच्या शिरा तटतटल्या होत्या.

“दिव्या,” ते म्हणाले. “बराबर थांबलो ना?”

“बराबर थांबले, बाबा.”

“आता बोलू?”

दिव्याला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. ती पुन्हा त्या फटीत, फरशीवर जाऊन बसली. कापलेली ती सगळी भाषणं तिला तोंडपाठ होती.

“बोला,” ती म्हणाली, आणि पहिलं वाक्य पुरवलं.